छातीच्या उंचीवरची बशी

"हवा स्वच्छ आहे," संचालक म्हणाले आणि प्रयोगशाळेचा अहवाल माझ्यापुढे सरकवला, बक्षीस दिल्यासारखा.

मी तो उचलला नाही. मला उलटा कागदही वाचता येतो. पंचवीस वर्षं साहेबलोकांच्या टेबलासमोर उभं राहिलं की ही कला आपोआप येते. तळघर, चामड्याचं भांडार. चार जागा, चार काचेच्या बशा, प्रत्येक बशी तासभर उघडी. सात दिवसांनी बशीत उगवलेले बुरशीचे ठिपके: तीन, पाच, दोन, चार. खाली शेरा, 'काळजीचे कारण नाही.'

"बशा कधी मांडल्या होत्या?" मी विचारलं.

"मंगळवारी सकाळी आठला."

"सोमवारी आपण बंद असतो. म्हणजे रविवार संध्याकाळपासून खाली कुणी फिरकलेलं नाही. हवेतलं सगळं खाली बसलेलं. झोपलेल्या माणसाकडे बघून ठरवायचं का, की हा कधी भांडत नाही म्हणून?"

इस्त्री हसला. शर्टावर आणि चेहऱ्यावर कधी एक सुरकुती दिसत नाही, म्हणून अख्खं संग्रहालय पाठीमागे संचालकाला इस्त्री म्हणतं. हे नाव मी ठेवलं आहे, आणि नोकरीत ज्या दोन-तीन गोष्टी मला खरोखर जमल्या त्यांतली ती एक आहे. तोंडावर मी त्याला सर म्हणते. इथे म्हणणार नाही.

"तुमच्या भावजयीबद्दल मला वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण वाईट वाटणं वेगळं आणि पत्र देणं वेगळं."

पत्राचं काय ते सांगते. माझ्या धाकट्या भावाची बायको नऊ वर्षं आमच्या तळघरात, माझ्या हाताखाली, काम करते. खोगिरं, बूट, पट्टे, ढाली, जुन्या कॅमेऱ्यांचे भाते, वाद्यांची कातडी असे चामड्याचे साडेतीन हजार नग, आणि ते राखणारी ती एकटी. चार महिन्यांपूर्वी तिचा खोकला सुरू झाला तो थांबेना. मग ताप. मग जिन्याच्या मध्यावर कठडा धरून उभं राहणं. शेवटी डॉक्टरांनी फुप्फुसात नळी घालून पाणी काढलं, ते बशीत ठेवलं, आणि त्यात उगवली बुरशी, हिरवट करडी. भावाने मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मी एका नजरेत ओळखली. आमच्या खोगिरांवर येते ती हीच.

डॉक्टर म्हणाले, निदान वर्षभर औषध, आणि तळघरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. आता नियम असा, की आजार कामामुळे झाला असं संग्रहालयाने लिहून दिलं, तर उपचार संग्रहालयाकडे, आणि बरी झाली की वरच्या मजल्यावर बसून करायचं काम. लिहून दिलं नाही, तर तीन महिने गैरहजर म्हणून महिनाअखेरीला तिचं नाव कमी. 'पत्र मी आणते,' असं मी भावाला छातीठोकपणे सांगून बसले होते.

"बशा पुन्हा मांडा," मी इस्त्रीला म्हटलं. "काम चालू असताना. ती नाही तर मी बसते खाली. तासभर मी खोगिरं साफ करीन, रोज होतात तशी, आणि तेवढा वेळ बशा उघड्या राहतील. मग बघू हवा किती स्वच्छ आहे ते."

इस्त्रीने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाला, "करा."

इतक्या सहज म्हणाला, की मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी घोड्यावर बसले होते. आता या माणसाला चारीमुंड्या चीत करायचं, एवढंच डोक्यात होतं. जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होते.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले. भाऊ बाकावर बसला होता, अंगात लिफ्ट दुरुस्तीवाल्यांचा निळा गणवेश, हाताला ग्रीसचा वास. तो तिथूनच कामावर जातो आणि तिथेच परत येतो. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पत्र मिळालं नाही."

"मिळेल. आठ दिवस थांब."

"ताई, नोकरी तूच लावलीस तिला. ती शाळेत ग्रंथालयात होती, बरी होती. 'हाताला हलकी आहे, माझ्याकडे दे' म्हणालीस."

"मग? वाईट केलं का?"

"ते तू सांग," तो म्हणाला आणि उठून चहा आणायला गेला. एकच कप घेऊन आला, स्वतःसाठी. मला राग आला. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, शाळेत असताना त्याचे बूट मी बांधलेत. पण हॉस्पिटलच्या बाकावर माणसाशी भांडायचं नाही, एवढी अक्कल मला आहे, म्हणून मी मूग गिळून घरी आले.

आता कामाबद्दल सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चामड्यावरची बुरशी ओल्या फडक्याने पुसायची नसते. ओल मिळाली की ती आणखी आत शिरते, आणि मग वर्षा-दोन वर्षांत पट्टा हातात घेतला की बिस्किटासारखा तुटतो. वस्तू आधी सुकवायची, मग मऊ ब्रशने बुरशी वरच्यावर उचलायची. प्रश्न एवढाच, की ब्रश कुठल्या बाजूला ओढायचा. कुणीही पलीकडे ओढेल, अंगापासून लांब. पण पलीकडे काय असतं? दुसरं खोगीर. त्यावर कण बसले की महिन्याभरात तेही पांढरं. म्हणून मी पद्धत बसवली, की ब्रश नेहमी आपल्याकडे. लांबच्या कडेपासून सुरुवात करायची, मधे कुठे थांबायचं नाही, सरळ छातीपर्यंत आणायचा. जे उडेल ते एप्रनवर पडेल, एप्रन रोज धुवायला जाईल, शेजारचं खोगीर सुखरूप. गाळणीचा व्हॅक्यूम मागवायचं दोनदा ठरलं आणि दोनदा राहिलं, कारण मीच म्हटलं, त्याने शिवणीचे धागे उचकटतात. माझ्या हस्तपुस्तिकेच्या आठव्या पानावर या पद्धतीची आकृती आहे: हात, ब्रश, आणि छातीकडे येणारा बाण. खाली ठळक अक्षरांत, 'वस्तू आधी, आपण नंतर.' ही पद्धत शिकायला सात संग्रहालयांतून माणसं येऊन गेली. हे लिहितानाही मी फुशारकीच मारतेय, मला कळतंय.

दुसरी गोष्ट मास्कची. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी चार-पाच दिवस तिचा वास येतो. ओलसर, थोडा गोडसर. ज्याला तो वास ओळखता येतो तो वस्तू वाचवू शकतो, ज्याला येत नाही तो नुसता पुसत बसतो. त्यामुळे मास्क लावून तळघरात उतरणं म्हणजे डोळे मिटून उतरणं, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणालाही ऐकवायची. इमारत विभागाने भांडाराच्या दारावर पाटी लावली होती, 'मास्कशिवाय आत येऊ नये.' ती मी काढली नाही. फक्त तिच्यावर ओलाव्याच्या नोंदींचा तक्ता चिकटवला. तक्ता मोठा होता, पाटी लहान होती.

मला स्वतःला कधी काही झालं नाही. शिंकसुद्धा नाही. मी याचं श्रेय काटक प्रकृतीला देत असे. खरं म्हणजे गेली सात वर्षं माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी आहे आणि मी आठवड्यातून एकदा खाली जाते, चुका काढायला.

शुक्रवारी प्रयोगशाळेतली बाई आली. डोळे सोडून सगळं झाकलेलं, हातात मोजे, बशांची पेटी पोटाशी धरलेली. मोजकं बोलणारी. मला अशी माणसं आवडतात, कारण मग मला बोलता येतं.

"पहिली बशी शेजारच्या खोगिराला लागून," मी म्हटलं. "दुसरी दाराशी. तिसरी हवेच्या जाळीखाली. मागच्या वेळी होत्या तिथेच."

"आणि चौथी तुमच्यासमोर," ती म्हणाली. "स्टँडवर. छातीच्या उंचीला. श्वास तिथूनच आत जातो." मग माझ्याकडे बघून, "मॅडम, तुमचा मास्क?"

"रोज जसं होतं तसंच करायचंय ना? मग नाही."

तिने खांदे उडवले आणि चारही बशांची झाकणं काढली.

मी सात वर्षांनी पूर्ण तासभर त्या स्टुलावर बसले. तळघर तसं नीटनेटकं आहे. पत्र्याची कपाटं, पांढरे दिवे, फरशीवर एक कागद सापडायचा नाही. कोपऱ्यात ओल शोषणारं यंत्र. ते बंद होतं. वरच्या सभागृहात व्याख्यान असलं की इस्त्री ते बंद करायला लावतो, कारण खालून त्याची घरघर ऐकू येते म्हणे. आणि वर्षभरात त्याची व्याख्यानं इतकी वाढली होती, की यंत्र चालू असण्यापेक्षा बंदच जास्त. भिंतीवरचा ओलाव्याचा काटा अडुसष्टवर होता. पंचावन्नच्या वर गेला की मला झोप लागत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. झोप मला रोज लागत होती.

पहिलं खोगीर घेतलं. कडेने पांढरी साय धरली होती, मधे हिरवट. ब्रश टेकवला आणि ओढला, आपल्याकडे. हात विसरला नव्हता. एकसारखी ओढ, कुठे ओरखडा नाही, खालचं तपकिरी चामडं नितळ उघडं पडत गेलं. मला फार बरं वाटलं. दुसरं, तिसरं, सहावं. दिव्याच्या उजेडात एप्रनसमोर बारीक धूर तरंगत होता, आणि मी त्याच्याकडे बघून मनात म्हणत होते, ये, आणखी ये, पड त्या बशीत. इस्त्रीच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं मला. खोलीत त्या क्षणी बुरशीच्या बाजूने मी एकटीच होते.

दहाव्या खोगिराला मला खोकला आला. बाराव्याला बाई म्हणाली, "तास झाला." घरी जाऊन मी दोनदा अंघोळ केली, तरी घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहिलं. भावजय असंच म्हणायची, 'ताई, घशात केस गेल्यासारखं वाटतं.' मी तिला म्हटलं होतं, पाणी पी.

आठ दिवसांनी इस्त्रीने बोलावलं. या वेळी नुसता अहवाल नव्हता, बाईने बशांचे फोटोही पाठवले होते. शेजारच्या खोगिराची बशी: सहा ठिपके. दाराची: नऊ. जाळीखालची: पाच. चौथ्या बशीच्या रकान्यात आकडा नव्हता, 'मोजता येत नाही' असं लिहिलं होतं. फोटोत बशी दिसतच नव्हती. काठोकाठ हिरवट करडी लव, झाकणाला आतून टेकलेली.

"बघा!" मी म्हणाले. अक्षरशः टाळी वाजवली मी. "आता तरी पटलं ना?"

"पटलं," इस्त्री म्हणाला. "अभिनंदन. तुमची पद्धत शंभर टक्के चालते. शेजारच्या खोगिरावर काहीच गेलं नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. त्याला घाई नव्हती. त्याने खणातून माझी हस्तपुस्तिका काढली, आठवं पान आधीच दुमडून ठेवलेलं होतं, आणि ती फोटोशेजारी ठेवली. हात, ब्रश, बाण. बाणाच्या टोकाशी बरोबर ती चौथी बशी.

"भांडाराची हवा तेव्हाही स्वच्छ होती, आताही स्वच्छ आहे," तो म्हणाला. "फक्त जो माणूस ब्रश धरतो त्याच्या नाकासमोर वीतभर जागेत ती स्वच्छ नाही. आणि ब्रश तिथे ओढायला मी सांगितलं नव्हतं."

"बुरशी धरलीच का? ते यंत्र बंद ठेवायला कोण सांगत होतं? तुमची व्याख्यानं..."

"हे कुठे लेखी आहे?"

मी त्या आठव्या पानाकडे बघितलं.

"तुमची पुस्तिका मात्र छापील आहे," तो म्हणाला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथे गेल्यावर तिला करण्यासारखं काही नव्हतं. माणूस चुकीचा असला की त्याच्याशी भांडायला मजा येते. हा बरोबर बोलत होता.

मग तो जवळजवळ मायेने बोलायला लागला. दोन रस्ते आहेत म्हणाला. दारावर पाटी होती, मास्कचा नियम होता, भावजयीने तो पाळला नाही, असं तो मुख्य कार्यालयाला कळवू शकतो. मग चूक तिची, पत्र नाही, विषय संपला. "तुमची चौदा महिने नोकरी राहिलीय. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापायला गेलीय. कशाला उगाच?" दुसरा रस्ता म्हणजे मी लिहून द्यायचं, की मास्क लावू नको असं तिला मीच सांगितलं होतं. मग पत्र त्याच दिवशी निघेल. पण विभाग माझ्याकडे राहणार नाही, पुस्तिका मागे घेतली जाईल, आणि ज्या सात संग्रहालयांना ती गेली त्यांना तसं कळवावं लागेल, कारणासकट.

"उद्या सांगा," तो म्हणाला. "तुम्ही तिच्याशी एकदा बोलून घ्या. कदाचित तिने स्वतःहूनच लावला नसेल."

मी इथे खोटं बोलणार नाही. त्याच्या त्या शेवटच्या वाक्याला मी बुडत्या माणसासारखी लटकले. खरंच की! मी तिला कधी हुकूम थोडाच केला होता? माझं मत होतं, मत सांगितलं. मास्क कपाटात होते, कुलूप नव्हतं. मोठी बाई आहे, लहान पोर नाही. हॉस्पिटलपर्यंतच्या रस्त्यावर मी हे सगळं स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की दारात पोचेपर्यंत मला तिचाच थोडा राग यायला लागला होता.

ती उशांना टेकून बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी. वजन इतकं उतरलेलं, की मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता. मी कशी आहेस वगैरे विचारलं आणि मग, खुर्चीही नीट न ओढता, "एक विचारू? तू मास्क का नाही लावलास कधी?"

तिने माझ्याकडे बघितलं. "हे पत्रासाठी विचारताय, की तुमच्यासाठी?"

"पत्रासाठीच."

"लावला होता ताई." ती एका दमात चार-पाच शब्दच बोलू शकत होती, मग थांबायची. "दोन वर्षांपूर्वी. खोकला तेव्हाच सुरू झाला होता. थोडा थोडा. मी आपला गुपचूप मास्क लावायला लागले. आठ दिवस लावला. बरं वाटत होतं."

"मग?"

"मग ते शिकायला आलेले लोक. अकरा जण होते. तुम्ही त्यांना खाली घेऊन आलात. मला म्हणालात, यातलं कुठलं खोगीर बिघडायला लागलंय, वास घेऊन सांग. मला नाही सांगता आलं. मास्क होता ना." ती थांबली. "आठवतंय तुम्ही काय म्हणालात ते?"

आठवत होतं. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं होतं, "काय गं, नाक घरी विसरून आलीस का?" पिकलेला हशा मला आठवत होता. इतका चांगला पिकला, की पुढच्या दोन वर्षांत प्रत्येक कार्यशाळेत मी तो किस्सा सांगितला. माझी भावजय एकदा नाक घरी विसरून आली होती, मास्क लावून! ब्रश कसा धरावा हे सांगायच्या आधी मी तो सांगत असे, लोक मोकळे व्हावेत म्हणून. त्या किश्शात एक खोकणारी बाई होती, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही.

"दुसऱ्या दिवसापासून नाही लावला," ती म्हणाली.

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो चादरीखाली घेतला.

"'माफ कर' असं म्हणायला आल्या असाल, तर आज नको. बोललं की दम लागतो मला. आणि खरं सांगू? तुमच्यावर दम घालवायचा नाहीये." मग डोळे मिटून, "तुम्ही चांगलं शिकवलंत. माझ्या हातून नऊ वर्षांत एक खोगीर खराब झालं नाही."

मला रडू आलं. आलं ते मला आवडलं नाही, कारण रडण्याचा हक्क तिथे माझा नव्हता. मी बाहेर येऊन बेसिनशी तोंड धुतलं आणि तिथेच उभ्या उभ्या पिशवीतल्या कागदावर लिहायला लागले. घरी जाऊन लिहिलं असतं, तर मी स्वतःला ओळखते, त्यात कुठेतरी 'परंतु' आला असता.

सकाळी नऊला कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. मी लिहिलं होतं, की ब्रशची पद्धत माझी. मास्क न लावण्याची शिकवण माझी. दारावरची पाटी मी झाकली. ओल शोषणारं यंत्र संचालकांच्या तोंडी आदेशाने बंद ठेवलं जाई. आणि संबंधित कर्मचारी स्वतःहून मास्क लावू लागली तेव्हा मी अकरा प्रशिक्षणार्थींसमोर तिची थट्टा केली, सगळे हसले, आणि म्हणून तिने तो काढला.

इस्त्रीने पेन्सिल घेतली. यंत्राच्या वाक्यावर रेघ मारली. "पुरावा नाही. हे राहिलं तर पत्र अडकेल, महिनाभर तरी." मग पेन्सिल खाली उतरली. "आणि हे शेवटचंही नको. थट्टा, हसले... याचा काय उपयोग? आधीची तीन कारणं पुरेशी आहेत. तुमचंच हसं होईल."

"यंत्राचं काढा," मी म्हटलं. "शेवटचं राहील."

"अहो, पण कशाला?"

"सर, पत्र टाइप करायला द्या."

दुपारपर्यंत सही-शिक्क्यासह पत्र हातात आलं, त्याला माझा जबाब टाचलेला. विभागाच्या किल्ल्या मी कारकुनाकडे दिल्या. त्याने त्या मोजून घेतल्या, माझ्याकडे न बघता. यंत्र त्या दिवशीही बंदच होतं. संध्याकाळी व्याख्यान होतं. इस्त्रीला मी अजूनही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही, पण त्याची मापं काढायला आता माझी जीभ पूर्वीसारखी चालत नाही.

भाऊ हॉस्पिटलच्या तळमजल्यावर भेटला. मी लिफाफा दिला. "नाव राहील तिचं. उपचार त्यांच्याकडे. बरी झाली की वर, नोंदणी विभागात."

त्याने पत्र वाचलं. खांदे एकदम खाली आले त्याचे, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता 'ताई' म्हणेल. पण त्याने पान उलटलं आणि माझा जबाब वाचायला लागला. तो सावकाश वाचतो, लहानपणापासून, ओठ हलवत. मी त्याच्या ओठांकडे बघत उभी राहिले. शेवटच्या वाक्याशी तो थांबला, मागे गेला, पुन्हा वाचलं.

"अकरा जण हसले?"

"हो."

"तूही?"

"विनोद माझाच होता."

त्याने कागदाची घडी घातली. आधी होती त्याच रेषेवर, नीट. "आणि ती?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिनेही ते सांगितलं नव्हतं, मला वाटतं मुद्दामच. पण मला तिचा तो चेहरा दिसत होता, अकरा माणसांच्या मधोमध, स्टुलावर, हातात ब्रश.

"तीही हसत होती," मी म्हटलं. "हसत हसतच तिने मास्क काढला आणि खिशात घातला."

त्याने कागद लिफाफ्यात घातले. लिफाफा छातीशी धरून जिन्याने वर गेला, आणि तिच्या खोलीचं दार त्याने आतून लावून घेतल्याचा आवाज मला खालपर्यंत ऐकू आला.